बिनखताचा तुकडा

ऊस संशोधन केंद्रात तिला सगळे काटेवाली म्हणत. दर तोडीला बांधावर वजनकाटा उभा करून ती उसाच्या मोळ्या तोलायची. सासू म्हणायची, "वजनाचं निमित्त आहे. बोलते तशी, म्हणून नाव पडलंय."

केंद्रामागच्या एका तुकड्याला कित्येक वर्षांत खताचा कण दिला नव्हता. नुसती जमीन किती ऊस देते आणि तो कसा घटत जातो, हे त्यावरून कळायचं. आधी हे काम तिचा नवरा करायचा. तो वारल्यावर ते तिच्याकडे आलं.

त्या वर्षी तोडीला तिच्या धाकट्या दिराची टोळी होती. पहिल्याच दिवशी, वजनासाठी न जाळलेल्या उसाच्या वाळक्या पाचटात टोळीतल्या एका पोरीला नाग डसला. दवाखान्याच्या दारातच ती गेली. दुसऱ्या सकाळी दीर रॉकेलचा डबा घेऊन बांधावर आला.

"वहिनी, बाजूला हो. पाचट जाळल्याशिवाय माझं एकही माणूस आत जाणार नाही."

"जळक्या उसाचं वजन खोटं येतं, भावजी. बाकीचं जाळा, एवढा तुकडा सोडा."

"तुझ्या वजनापायी अजून किती मढी उचलू?"

त्याने काडी ओढली. पाचटाने भडका घेतला, उसाची कांडी फटाफट फुटू लागली. ती त्याच्यावर धावली. झटापटीत त्याचा कोयता फिरला आणि तिची दोन बोटं मातीत पडली. तिने काट्याचा लोखंडी आकडा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. तो डोळा धरून कोसळला, तरी तिने पुन्हा हाणला. शेवटी टोळीतल्या बायकांनी तिला आडवं पाडून धरलं.

दोघांना एकाच गाडीतून नेलं. सगळी गाडी रक्ताने चिकट झाली. पोलिसांना तो म्हणाला, "उसाच्या खुंटावर पडलो." ती म्हणाली, "कोयता निसटला." त्याचा डोळा गेला.

केंद्राच्या साहेबांनी यंदाचं वजन सोडून द्यायला सांगितलं. तिने ऐकलं नाही. जळाला तेवढा जळाला असं लिहून, उभा राहिलेला अर्धा तुकडा तिने बांधल्या हाताने तोलला.

पुढच्या तोडीला प्रत्येकाच्या पायात गुडघ्याएवढे बूट आल्याशिवाय तिने काटा उभाच केला नाही. दीर आला होता. शेवटची मोळी उतरल्यावर त्याने विचारलं, "किती भरला?"

"तुमच्या दादांच्या वेळेपेक्षा पुष्कळ कमी. जमीन दमलीय, भावजी."

तो मान हलवून निघून गेला. मेलेल्या पोरीच्या आईकडे जायचं ती अजून ठरवतेच आहे. तिच्या दारापर्यंत जाते आणि परत फिरते.