वाढदिवसाचं सूप

सकाळी स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर एक डबा होता. झाकण उघडलं तर वाफाळतं सूप, आणि त्यात समुद्री शेवाळाच्या काळपट हिरव्या पट्ट्या. कोरियातल्या या शाळेत मी इंग्रजी शिकवते. शेजारी बसणाऱ्या गणिताच्या बाईंनी माझा वाढदिवस लक्षात ठेवून घरून ते करून आणलं होतं.

"आमच्याकडे बाळंतिणीला हेच देतात," त्या म्हणाल्या. "म्हणून वाढदिवसाला प्रत्येकानं हे खायचं. त्या दिवशी त्रास आईला झालेला असतो ना."

आमच्याकडे वाढदिवस ज्याचा त्याचा असतो. ओवाळायला आई पदराला हात पुसत बाहेर येते आणि पुऱ्या तळायला परत आत जाते. तो दिवस तिचाही असतो, हे ताटातल्या कशावरूनच कळत नाही.

"तुमच्या आईला काय दिलं होतं?" बाईंनी सहज विचारलं.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, असं सगळ्यांना देतात ते मी सांगून टाकलं. माझ्या आईला त्यातलं काय आवडलं, काय तिनं नाक मुरडून गिळलं, मला काहीच माहीत नव्हतं. आई गेल्या उन्हाळ्यात गेली. आता हे सांगणारं कुणी नाही.

मी सूप संपवलं, डबा धुऊन पुसला. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे मात्र आईचं मला पाठ होतं. ड्रॉवरमध्ये कॉफीच्या साखरेच्या दोन पुड्या होत्या, त्या आत ठेवल्या आणि झाकण लावलं.