मामांनी माळ काढली

लग्नाच्या पंगतीत बसलं की गोविंदमामा आधी आचाऱ्याला हाक मारायचे. "बाबा, ह्या पातेल्यात परवा काय शिजलं हुतं?" आचारी शपथ घ्यायचा, तेव्हा कुठं मामांचा हात वरणभाताला लागायचा. गळ्यात तुळशीची माळ. मटण तर सोडाच, अंड्याचं नाव कुणी काढलं तरी ताट घेऊन उठून जायचे. आम्ही भाचरं त्यांना छळायला मुद्दाम नाव काढायचो. कौसामामींच्या गळ्यातही माळ होती, लग्नानंतर मामांनीच घालायला लावलेली. त्या हसून म्हणायच्या, "ह्यांच्यापायी माज्या माहेरचं कालवण सुटलं."

मामींना पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो बराच पसरला होता. मामांची सगळी शेती उसाची. कुणीतरी सांगितलं, साखरेनं गाठ वाढते. झालं! दर दिवाळीला गंगाखेडच्या कारखान्याची साखर मिरवत आणणाऱ्या या माणसानं साखर आणि गूळ दोन्ही घराबाहेर काढले. मग तळण गेलं, तिखट गेलं, बाजारची भाजीसुद्धा गेली. घरामागं त्यांनी बिनफवारणीची मेथी लावली. "म्याच फवारलंय सगळं इतकी वर्सं," ते मला म्हणाले, "तेच गेलं तिच्या पोटात." तसं नसतं हो मामा, असं मी शंभरदा सांगितलं. ऐकतील ते मामा कसले! लेकासुनांनी तक्रार न करता उकडलेला दुधी खाल्ला. नातवंडांची तोंडं बघून मामीच कळवळायच्या, "लेकरांला काहून उपाशी मारायलाव?"

परभणीला डॉक्टरांकडं मी सोबत होतो. मामींचं वजन बघून डॉक्टर मामांवर चिडले. "हे पथ्य कुणी सांगितलं? दूध, तूप, साखर, पोटात जाईल ते द्या. अंडी उकडून द्या रोज." मामींना बाहेर बसवून त्यांनी मामांना पुन्हा आत बोलावलं. आत काय झालं ते मामांनी सांगितलं नाही. एसटी गंगाखेडजवळ आली तेव्हा माझ्या कानाशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "अंडं किती येळ उकडावं लागतंय रं?"

अंडी शिजली गोठ्यात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. पण मामींनी तोंड फिरवलं. "उभा जलम माळ घातली तुमच्या संगं. आता मरताना बाटवायलाव व्हय?"

मामांनी स्वतःची माळ काढली, देवापुढं ठेवली, मामींच्या समोर मांडी घालून बसले आणि एक अख्खं अंडं खाल्लं. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. घास गिळताना त्यांच्या घशाची होणारी ओढाताण मला बघवत नव्हती. पाणी पिऊन म्हणाले, "खा आता. बाटलाव तर दोघं बी." मामी रडल्या. रडत रडतच त्यांनी आपली माळ मामांच्या हातात दिली आणि घास घेतला.

काही दिवस अंडं पोटात राहिलं. मामींच्या तोंडावर तेज आलंय असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. मग तेही उलटून पडायला लागलं. पुढं पाणीसुद्धा ठरेना.

शेवटी शेवटी मामींनी एकच धोशा लावला होता. "माजं काय आता. तुमी घाला की माळ. माज्या डोळ्यादेखत घाला." मामांचं उत्तर ठरलेलं, "घालू की. तू उठून बस, मग दोघं मिळून घालू." मामी काही उठून बसल्या नाहीत. एका दुपारी मामांच्या मांडीवरच गेल्या. मामांचा गळा तेव्हाही मोकळाच होता.

मला त्यांचा भयंकर राग आला होता. मरणाऱ्या बाईनं मागून मागून काय मागितलं, तर तेवढंच. दहाव्यानंतर मी ते तोंडावर बोललो. मामा ओट्यावर बसले होते.

"अरं, डॉक्टरनं मला त्याच दिशी सांगितलं हुतं, काय उपेग न्हाई म्हणून," ते म्हणाले. "माळ घातली असती, तर तिला कळलं असतं, ह्या माणसानं आस सोडली."