हात धुऊन घरी जायचं

हुपरीतल्या आमच्या पैंजणांच्या कारखान्यात केर कुणी टाकत नाही. त्यात चांदीची धूळ असते. संध्याकाळी कारागिरानं परातीवर कपडे झटकायचे, टाकीत हात धुवायचे, मगच घरी. मालक म्हणून मी दारात उभा! ते पाणीसुद्धा आम्ही गाळून घेतो. किस्सेही असेच साठत जातात, आणि सगळ्यात जास्त गोपाळदाचे. पूर्वी मी ते हसत सांगायचो. आता सांगताना लाज वाटते.

गोपाळदा मूळचा बंगालचा. ऐन तारुण्यात आला आणि तीस वर्षं आमच्याकडं कड्या जोडत बसला.

एकदा विमा एजंट आला. गोपाळदाला म्हातारपणाचा प्लॅन समजावू लागला. मी गल्ल्यावरून ओरडलो, "त्याला कशाला? आम्ही हाय की!"

सगळे हसले. एजंट बॅग उचलून माझ्याकडं आला. मी स्वतःसाठी दोन पॉलिसी घेतल्या!

* * *

मग कामगारांच्या पेन्शनचं सरकारी शिबिर दरवर्षी लागू लागलं. नाव नोंदवायला गोपाळदाला, तो माझ्याकडं कामाला असल्याचं माझं पत्र हवं होतं. कागदावर नाव आलं की उद्या हक्क सांगेल, या भीतीनं मी "बघू की" म्हणत वर्षं घालवली. पत्र दिलं तोवर वयाची अट उलटून गेलेली. गोपाळदा शिबिरातून हसतच परतला.

"मालक, स्कीम म्हातारपणाची, आन् म्हातारा चालत न्हाय!"

* * *

गावाकडं पैसे धाडून त्यानं घर बांधलं, तेही भावाच्या नावावर. एकदा महिन्याची रजा काढून गेला, तो आठव्या दिवशी कामावर हजर.

"काय झालं रं?"

"तिथं मी पावणा झालो की! पयलं मलाच वाढत्यात, आन् इचारत्यात, परत कवा जाणार?"

* * *

गेल्या वर्षी त्याला कड्या दिसेनाशा झाल्या. आम्ही निरोपाचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ, सगळं रीतसर. मी भाषण ठोकलं, "गोपाळदा आमच्या घरचाच माणूस!" टाळ्या पडल्या.

"मालक, दर म्हैन्याला काय तरी हुईल काय?" त्यानं हळूच विचारलं.

"बघू की," मी म्हणालो आणि फोटोसाठी त्याचा फेटा सरळ केला.

फोटो झाल्यावर तो सवयीनं टाकीपाशी गेला. हात धुतले. शर्ट झटकला. मग आम्ही बांधलेला नवाकोरा फेटा उतरवून तोही परातीवर झटकला. दाराशी येऊन दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले.

"बघा मालक, काय न्हेत न्हाय."