मेहुण्याची बिनशब्दांची कॅसेट

गाण्यात शब्दांची निव्वळ अडचण होते असं मानणारा साऱ्या कोपरगाव तालुक्यात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा भाऊ निघाला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजायची हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. खरा उद्योग बोटांनी वाजवण्याचा. जेवणाचा डबा, स्कूटरची सीट, बायको रागावून बोलत असताना तिच्याच हातातलं ताट, काहीही चाले. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मित्रानं त्याला कॅसेट आणून दिली आणि आमच्या नात्यागोत्यातली शांतता संपली. यंत्राचा एकसारखा धुमधुम ठोका, त्यावर आफ्रिकेचे ढोल आणि वेस्ट इंडीजकडचा ताल, असं सगळं तिच्यात कालवलेलं होतं. "दाजी, ह्याला हाऊस म्हनत्यात," असं तो मला दर भेटीत ऐकवी. वेस्ट इंडीजबद्दल त्याचं ज्ञान क्रिकेटपुरतं होतं, आफ्रिकेबद्दल तेवढंही नव्हतं. पण आव असा, की नुकताच तिकडे सोयरीक जुळवून आलाय.

बारसं असो की साखरपुडा, हा टेपरेकॉर्डर काखोटीला मारून हजर. माझ्या आईनं एकदा दहा मिनिटं मुकाट ऐकून घेतलं आणि गाणं कधी सुरू होणार म्हणून विचारलं; त्यानंतर महिनाभर तो आमच्याकडे जेवला नाही. चुलतभावाच्या लग्नात त्यानं बँडवाल्यांना गप्प केलं आणि टेम्पोवर हीच कॅसेट लावली. त्या संगीताला संपायची घाई नसते, त्यामुळे नाचणाऱ्यांना थांबावं कुठं तेच कळेना. वरात चावडीपाशी पाऊण तास जागच्या जागी उसळत राहिली, नवरदेवाला भोवळ आली आणि पाहुण्यांनी जेवणं उरकून घेतली. मेहुण्याच्या मते दोष नगर जिल्ह्याचा होता.

माझ्या सासऱ्यांसमोर मात्र ही मर्दुमकी चालत नसे. ते एके काळी गावात हलगी वाजवत. प्रत्येक लग्नात दाराबाहेर उभं राहून वाजवायचं आणि पंगती उठल्यावर उरलेलं अन्न तिथंच खायचं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यांनी हलगी विहिरीत टाकली. ह्या घरात पुन्हा कुणी वाजवणार नाही, असं बजावलं. लहानपणी मेहुण्याची बोटं पाटीवर चालू लागली की त्यांवर पट्टी बसे. कॅसेट वाजवतं ते यंत्र, आपण नव्हे, ही पळवाट त्यानं मोठेपणी शोधली होती. पण बापानं एकदा ऐकावं, बरं म्हणावं, यासाठी त्याचा जीव तुटायचा. मी त्याला भित्रा म्हणून मनसोक्त हिणवत असे. शेवटी एका रविवारी चिडून त्यानं त्यांच्यासमोर टेप लावलाच.

सासऱ्यांनी एक बाजू पुरती ऐकली. मग म्हणाले, "वाजविनारी मानसं हायेत का यात?"

यंत्राची पळवाट तो ऐन वेळी विसरला. "हायेत, आबा. लई तयारीची."

"त्यांना आत बसवून जेवू घालत्यात का दाराबाहीर?"

जगातल्या प्रत्येक प्रश्नावर उत्तर फेकणाऱ्या माझ्या मेहुण्यानं कॅसेटचं वेष्टन उलटसुलट करून पाहिलं. "ठावं न्हाई, आबा."

"मग इचार. तवर बंद ठिव ते."

कॅसेटच्या वेष्टनावर लंडनच्या कंपनीचा पत्ता होता. त्यानं खरोखरच तिथं इंग्रजीत पत्र धाडलं. स्पेलिंगं मी तपासली, हसू दाबत. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. उत्तर आलं नाही. सासरे पोस्टमनला रोज विचारत आणि टेपरेकॉर्डर कपाटात पडून राही. अशी तीन वर्षं गेली आणि मग ते गेले.

काही महिन्यांनी मीच त्याला म्हणालो, की लाव आता, अडवणारं कोणी नाही. खरं तर त्या धुमधुमीवाचून मलाच करमेनासं झालं होतं. त्यानं कॅसेट काढली, सदऱ्यानं पुसली आणि परत कपाटात ठेवली.

"पत्र येऊ द्या, दाजी," तो म्हणाला.