बोटभर फट

शिरड शहापूरजवळच्या वस्तीवर मेंढपाळ सटवाजीच्या रागिणीला सगळे 'टपालवाली' म्हणतात. बारावी झाल्यावर तिला गावच्या शाखा डाकघरात डाकसेवकाचं काम लागलं. तीन गावं, चार वस्त्या आणि मधे दोन ओढे. सायकल बापाची, काळी, तिच्याहून वयानं मोठी. ओढ्याला पाणी असलं की रागिणी थैली पाठीला आवळायची, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळत पलीकडे जायची. दमलेलं कोकरू सटवाजी जसा खांद्यावर टाकतो, तसंच. त्यात तिला कधी काही विशेष वाटलं नाही.

विशेष वाटलं ते नीलांबरी मॅडमना. त्या औंढ्याच्या कॉलेजात खेळाच्या शिक्षिका. एका पावसाळ्यात ओढा चढला म्हणून त्या मोटार थांबवून उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ही मुलगी चालत्या सायकलवरून उतरली, न थांबता सायकल खांद्यावर घेतली, पाणी ओलांडलं आणि पलीकडच्या चढावर पळता पळताच टांग टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्या डाकघरात हजर.

"हे तुला कुणी शिकवलं गं?"

"शिकवायचं काय त्यात, मॅडम? उभं राहिलं की टपाल भिजतंय."

मॅडमनी मोबाइलवर एक शर्यत दाखवली. चिखल, गवत, वाळू, मधे आडव्या फळ्या. खेळाडू उतरून सायकल उचलतात, पळतात, पुन्हा बसतात. दोन-तीन किलोमीटरचा फेरा, असे बरेच फेरे. "याला सायक्लोक्रॉस म्हणतात," मॅडम म्हणाल्या.

रागिणी हसली. "आन् यांच्याकडं टपाल कुठंय?"

पण व्हिडिओ तिनं पुन्हा मागून घेतला. रात्रंदिवस तोच विचार. जानेवारीत नांदेडकडे विभागीय निवड होती. मुलींतल्या पहिल्या आठ जणी राज्याच्या सराव शिबिराला जाणार. गट तेवीस वर्षांखालचा. रागिणी बावीस पूर्ण करून बसली होती. म्हणजे तिला ही एकच संधी.

तिथून सायकल शोधणं सुरू झालं आणि तिचं डोकं फिरायची वेळ आली. हिंगोलीच्या दुकानात मोहनसिंगनं जाड टायरची, स्प्रिंगवाली, लाल-पिवळी सायकल पुढे ओढली. "ले जाओ बेटी, पूरे जिले में इससे मजबूत नहीं मिलेगी." रागिणीनं ती खांद्यावर उचलून बघितली. जड तर होतीच, वर मधला पाइप इतका रुंद की खांदा आतच जाईना. दुकानातली माणसं हसायला लागली.

"सायकल चालवायची असती ताई, मिरवायची नसती!" एक जण म्हणाला.

दुसऱ्या दुकानात शर्यतीची म्हणून जी दाखवली ती हलकी होती, पण तिचे टायर बांगडीसारखे बारीक आणि सांगाड्याला इतके चिकटलेले की आपल्या काळ्या मातीत शंभर पावलं गेली नसती. तिसऱ्या दुकानदारानं सायक्लोक्रॉस हा शब्द तिला दोनदा म्हणायला लावला आणि तिला चहा पाजून वाटेला लावलं.

मॅडमनी तिला एका कागदावर लिहून दिलं होतं. वाकडं हँडल. खडबडीत टायर, पण तेहतीस मिलिमीटरहून रुंद नको. सांगाड्याच्या त्रिकोणात खांदा बसला पाहिजे. आणि सगळ्यात शेवटी, खाली रेघ मारून: टायर आणि सांगाडा यांच्यात बोट फिरलं पाहिजे. चिखल तिथूनच बाहेर पडतो.

दोन महिन्यांनी नांदेडच्या एका खेळाडूची जुनी सायकल मिळाली. खरं तर दोन होत्या. एक ॲल्युमिनियमची, हलकी. दुसरी लोखंडी, किलोभरानं जड. रागिणीनं लोखंडी घेतली. मोडली तर गावात ओमप्रकाश वेल्डर आहे; ॲल्युमिनियमला त्याचा टाका धरत नाही, ते घेऊन कुठं फिरायचं? मॅडमनीही मान डोलावली. निवड विचारपूर्वक केली होती. पुढे तिला सगळ्यात जास्त हेच डाचलं.

सायकल घरी आली तेव्हा शर्यतीला बारा दिवस होते. नर्मदाबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, कुंकू लावलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी रागिणी जुन्या सायकलवरून टपाल वाटायला गेली. दुपारी परतली तर नवी सायकल अंगणात नव्हती.

वस्तीची एक रीत आहे. नवी सायकल आली की आधी ओमप्रकाशकडे न्यायची. कंपनीचं कॅरिअर चाऱ्याच्या भाऱ्याखाली वाकतं, म्हणून तो सळईचं कॅरिअर सांगाड्यालाच वेल्ड करून देतो. स्टँड आणि मडगार्डच्या कांबीही तशाच. सटवाजीनं उभ्या आयुष्यात जेवढ्या सायकली पाहिल्या त्या सगळ्या अशाच.

तो सायकल ढकलत आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं. मागे कॅरिअर, खाली स्टँड, दोन्ही चाकांवर पत्र्याची मडगार्डं.

"बघ गं, आता कशी सायकलीवानी दिसून राहिली! ते लोक म्हंजी नुसता सांगाडा इकतेत."

रागिणीनं कधी बापाला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

"आबा, कुणी सांगितलं व्हतं तुमाला? काहून हात लावला? एक डाव इचारायचं तरी!"

"थैली कुठं ठेवणार व्हतीस?"

"ही थैलीची न्हाईच!" ती ओरडली.

सायकल पुन्हा ओमप्रकाशकडे. त्यानं मडगार्डं काढली, कॅरिअर कापलं. पण सांगाड्यावर, चाकाच्या अगदी माथ्याशी जिथं कांबी जोडल्या होत्या, तिथं वेल्डिंगच्या टाक्याचे टणक गोळे राहिले. "अजून घासलं तर पाइप पातळ व्हईल, ताई. मी जिम्मेदारी घेत न्हाई." रागिणीनं फटीत बोट घातलं. अर्ध्यावर अडलं.

नांदेडला सटवाजी बरोबर गेला. येऊ नका म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं. मैदानात आयोजकांनी टँकर आणून माती भिजवली होती.

"पाणी इकत आणून चिखल करून राहिले?" सटवाजी मॅडमना म्हणाला. "डोक्यानं बराबर हायत ना ही माणसं?"

मॅडमनी त्याला दोऱ्यांनी आखलेली एक जागा दाखवली. सायकलची दुरुस्ती, साफसफाई सगळी इथंच. "काही झालं तरी इथून हलायचं नाही, काका."

"न्हाई हलत."

पहिले दोन फेरे रागिणी पाचवी होती. फळ्यांपाशी तर ती सगळ्यांच्या पुढे निघायची. उतरणं, उचलणं, पळणं, बसणं, जणू मागून ओढ्याचं पाणी येतंय. तिसऱ्या फेऱ्यात काळी माती त्या गोळ्यांवर धरायला लागली. चाक कुरकुरलं, जड झालं. चौथ्या फेऱ्यात चढाच्या खालीच थांबलं, फिरेचना. आखलेली जागा चढाच्या माथ्यावर होती. तिनं सायकल खांद्यावर घेतली, चिखलासकट, आणि चढ पळत चढायला लागली. सहावी. सातवी. दम कोंडत होता, पण अजून सातवी होती.

सटवाजीला दोरीपलीकडून दिसलं ते एवढंच: चाक अडकलंय आणि पोरगी ते ओझं घेऊन पळतेय. त्याच्या कमरेला मेंढरांच्या खुरांतला चिखल-खडा काढायचा चपटा चाकू नेहमी असतो. तो दोरीखालून निघाला आणि उतारावरून धावत तिच्यापाशी पोचला.

"आबा, हात लावू नगा! मागं व्हा!"

तोवर चाकू फटीत गेला होता. दोन झटक्यांत चिखलाचं ढेकूळ खाली पडलं. चाक फिरलं.

रागिणी सातवी आली. यादीत तिचं नाव नव्हतं. पंच बाई शांतपणे म्हणाल्या, "ठरलेल्या जागेबाहेर मदत घेतली. नियम सगळ्यांना सारखाच." मॅडम बराच वेळ बोलल्या. पंचांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

परतीचा टेम्पो वसमतला आला. मग सटवाजी म्हणाला, "मेंढराच्या पायात खडा गेला तर पंचाला इचारून काढायचा का?"

कुणावर रागवावं हेच रागिणीला कळत नव्हतं. बापावर, ओमप्रकाशवर, टँकरवर, की गावात दुरुस्त होईल म्हणून लोखंड निवडणाऱ्या स्वतःच्या शहाणपणावर? पुढच्या वर्षी थोरल्या बायकांचा गट. दहा-दहा वर्षं मुरलेल्या.

दुसऱ्या दिवशी टपाल वाटून आल्यावर तिनं कानस मागून आणली आणि अंगणात सायकल उलटी करून बसली. यंत्रानं पाइप गेला असता; हातानं हळूहळू घासता येईल. थोड्या वेळानं सटवाजी समोर येऊन उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर आवळून ठेवलेले.

"धरू का?" त्यानं विचारलं.

तिनं कानसेवरचा भुगा झटकला. मग म्हणाली, "चाक धरा. बाकी कशाला हात लावू नगा."

त्यानं धरलं. खर्र, खर्र. बारीक लोखंडी भुगा त्याच्या धोतरावर पडत राहिला. मेंढरं परत आली, नर्मदाबाईनं दोनदा हाक मारली.

"झालं का?"

रागिणीनं फटीत बोट घालून पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि कानस पुन्हा उचलली.