जोडीचं मशीन

एकट्यानं खेळलेलं मामांना खपायचंच नाही. कोणी एकटा दुकानात शिरला की विचारायचे, “काऊन रे, एकटाच येऊन राह्यला? जोडीदार आन पयले!” आमच्या भैंसा गावात त्यांचं सायकलचं दुकान होतं, आणि दुकानात त्यांनीच बनवलेलं छर्‍याच्या खेळाचं मशीन. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची. माणूस एकटा, ना बायको ना पोर.

हैदराबादच्या नुमाइशीत, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनात, त्यांनी असलं मशीन पाहिलेलं. स्प्रिंग ओढून छर्रा, म्हणजे लोखंडी गोळी, वर सोडायचा, खाली घरंगळला की बाजूच्या कळा दाबून दोन दांड्यांनी पुन्हा उडवायचा. घरी येऊन त्यांनी जुन्या दारावर सायकलच्या घंट्या ठोकल्या. पण दार कापायचं जिवावर आलं. झालं! मशीन इतकं रुंद झालं की दोन्ही बाजूंच्या कळांना एका माणसाचे हात पुरेनात. लोक खो खो हसले. मामा म्हणाले, “चुकलं नाई. जोडीचं हाय थे.”

त्यांची रोजची जोडीदार मी. बाबांना ते अजिबात आवडायचं नाही. “पोरीच्या जातीनं घंट्या वाजवत बसावं काय?” म्हणायचे.

मग मला नार्नूरचं स्थळ आलं. पोरगा नोकरीवाला, बाबा शब्द द्यायच्या बेतात. चहाचा कप हातात देऊन माणूस कळतो होय? मी मामांपाशी रडले. ते तडक बाबांकडे गेले. “भाऊ, दोघायले एक डाव खेळू द्या. मंग द्या शब्द.”

पाहुण्यांसकट वरात दुकानात आली. छर्रा सुटला तसा पोरगा ओरडायला लागला, “दाब! आता दाब! अक्कल नाही का?” शेवटी त्यानं माझा हात झटकून माझीच कळ दाबली. बाबा बघत होते. घरी येऊन एवढंच बोलले, “दुसरं पाहू.” मला केवढं हलकं वाटलं!

दुसरे आले बाजारहत्नूरचे गुरुजी. आधी तुम्ही, आधी तुम्ही करत आम्ही दोघंही थांबलो आणि छर्रा मधूनच खाली गेला. “अरे, दाबा ना कोनी तरी!” मामा ओरडले. गुरुजी पोट धरून हसले. मी तिथंच हो म्हटलं. सुखात आहे.

पाठवणीच्या वेळी मामा मंडपाच्या कडेला उभे होते. डोळे पुसत म्हणाले, “इतकं केलं, पन आता माह्यासंगं कोन खेळन, हे ध्यानातच नाई आलं पोरी.”

मला हुंदका आवरेना. तेवढ्यात बाबा पुढं आले, मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

“सांजच्याला मी येत जाईन. मले शिकवा.”