पंख्याचा दोर

माझ्या बाबांचा उजवा पाय झोपेतही हलायचा. इंग्रजाच्या काळात ते अमरावतीला एका साहेबाच्या बंगल्यावर पंखा ओढायचे. छताला टांगलेला, कापडी झालरीचा मोठा पंखा. त्याचा दोर भिंतीतल्या भोकातून मागच्या पडवीत यायचा आणि बाबा तिथे उताणे पडून, पायाच्या अंगठ्याला बांधून तो ओढायचे. डुलकी लागली तरी पाय चालूच. थांबला की आतून साहेबाची शिवी यायची. पुढे साहेब गेला, भाऊ अकोल्याला नोकरीला लागला म्हणून आम्ही जठारपेठेत राहायला आलो, तरी पाय हलायचा तो हलतच राहिला. बाबा वारले तेव्हा श्वास थांबल्यावरही तो जरासा हलला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्यानंतर मायची झोप उडाली. पडलं की तिला बाबांच्या बाजेची करकर ऐकू यायची. बाज देऊन टाकली तरी यायची. "ते अजून ओढूनच राह्यले," ती म्हणायची. मी चिडायचे. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, भूतखेत मानायचं नाही, श्राद्ध करायचं नाही, आणि हिचं हे भलतंच.

"माय, डोकं फिरलं काय तुझं?"

"भूत कोन म्हनते? पाय हाय त्यायचा."

जेवण सुटलं, ती वाळत चालली. ही पण आता बाबांच्या मागे जाते की काय, या धास्तीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

अशात कळलं की सव्वीस जानेवारीला अमरावतीतल्या जुन्या सरकारी इमारती लोकांना बघायला खुल्या ठेवणार आहेत, तो बंगलाही. "मले तिथं ने," माय म्हणाली. बडनेऱ्याला गाडी बदलून गेलो.

बंगल्यात नुसती जत्रा. भाजीवाल्या बाया, पोरंसोरं, सगळे साहेबाचं मेज अन् साहेबाचा आरसा बघत फिरत होते. पंख्याची खोली पार मागे, तिकडे कुणी फिरकत नव्हतं. खिडक्या खिळे ठोकून बंद, आत कुबट गारठा. पंखा छतालाच होता, झालर कसरीने खाल्लेली. दोर भोकापाशी तुटून लोंबत होता. मी पडवीत जाऊन बघून आले. तिकडून भोकावर कोळ्याचं जाळं होतं आणि खाली बाबांच्या पाठीने गुळगुळीत झालेली फरशी.

परत आले तर माय वर बघत उभी होती. पंखा हलत होता. सावकाश, जा-ये, जा-ये. कड्या कुरकुरत होत्या. वारा असेल म्हणाल. म्हणा बापडे. मायच्या पदराचं टोकसुद्धा हलत नव्हतं. मी दाराची चौकट घट्ट धरली.

माय घाबरली नाही. बाबांना जेवायला बोलवायची त्याच आवाजात म्हणाली, "अजी, सोडा आता. सायेब गेला कवाचाच. लय थकले तुमी. द्या तो दोर माह्यापाशी."

पंखा हळूहळू थांबला. मी तिचा हात धरून जवळजवळ ओढतच तिला बाहेर आणलं.

परतीच्या गाडीत बडनेरा सुटताच माय खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. कित्येक महिन्यांनी तिला अशी झोपलेली बघून मला रडूच आलं. वाचली बाई, म्हटलं. तिच्या अंगावर चादर टाकायला वाकले, तर बाकाखाली तिचा उजवा पाय हलत होता. सावकाश, जा-ये. गाडीच्या हेलकाव्याने असेल म्हणून डावा बघितला. तो जागच्या जागी होता.

मी खाली बसले आणि तिचा अंगठा मुठीत धरला. त्याला ओढ लागत होती. अकोला येईपर्यंत मी तो सोडला नाही.